आत्याने मला मरू दिलं नाय

अरे, आमच्या बारवी धरणाकडच्या गावात नाटक होतं. एक लोभी शेठ आन् त्याच्या दारात भुकेनं मरणारा गरीब. तो गरीब मी. "मालक, घासभर द्या," एवढंच बोलायचं आन् मरायचं. महिनाभर आरशापुढं मरत होतो!

शेठनं लाथ मारली, तशी पुढं बसलेली सखूआत्या तरातरा स्टेजवर चढली. पिशवीतली तांदळाची भाकरी माझ्या हातात कोंबली. "खा रे पोरा. या मेल्याकडं नको मागू."

आत्याला नाय कोण बोलणार? खाल्ली.

पडद्यामागून नाटकाचा मास्तर वरडला, "मर ना लवकर!"

माझं डोकं सणकलं. "तोंडात घास हाय, भुकेनं कसा मरू?"

आत्यानं मास्तरला शेठकडं बोट दाखवलं. "त्याला मार की!"

गावानं एवढ्या टाळ्या पिटल्या, का शेठलाच मरावं लागलं.