गुळाशिवाय पाणी

—तर पाणी घ्या रामप्रसादभाऊ, पण आज गूळ मिळायचा न्हाई. कावून म्हणता? मागल्या खेपेला पाहुणा म्हणून खडा दिला, तर तुमी गावभर सांगत फिरला — भिवराबाईनं गूळ दिला, माळ पवनचक्कीला पक्का. बैलाचा सौदा जमल्यावर गूळ वाटतात, हे तुमाला कुणी शिकवलं? अन् शिकवलं तर अर्धंच कसं? आधी हो, मग गूळ. माझा हो कुठाय?

बसा. मोबाईलवर तुमच्या कंपनीनं धाडलेलं मी वाचलं — वाचता येतं मला, कोर्टाच्या व्हरांड्यात बसून पाट्यांवरनं शिकले — ‘आठ दिवसांत नकार न आल्यास होकार समजू.’ विचारायचं तुमी, अन् माझ्या गप बसण्याचा अर्थ बी तुमीच लावायचा? मी म्हणलं होतं, पवनचक्कीचा रस्ता बांधाच्या खालून न्या, मग माळ देते. तुमी म्हणलात, सायबाला विचारतो. मी अट घातली, म्हंजे तुमचं पहिलं बोलणं तिथंच मोडलं. आता माझं बोलणं उभं हाय, हो-न्हाई तुमी करायचं. उलटं धरू नका.

हसता कशाला? गप बसण्याचा हो मला चांगला ठावा हाय. नांदूरघाटची मंडळी मला बघाया आली, तवा बाप म्हणला, पोरी, पसंत हाय का? मी खाली मान घालून बसले. तोंडातनं शब्द निघंना, लई भ्यालते. समदे म्हणले, लाजली, म्हंजे हो. लगेच गूळ वाटला. वाईट नव्हता तो माणूस, पण माझा हो कुणी — जाऊ द्या. तुमाला काय करायचं.

हा माळ मातर माझ्या तोंडानं घेतला. माझे मालक वारल्यावर शेजारच्या बद्रीनाथनं दारात येऊन विचारलं, वैनी, माझा माळ इकत घेता का? सकाळपर्यंत त्याचं मन फिरलं असतं तर मी काय म्हणणार होते? दिवस मावळायच्या आत त्याच्या ओट्यापुढं उभी राहिले अन् चार माणसांत मोठ्यानं हो म्हणले. जन्मात तेवढाच एक हो माझा. तो आता तुमच्या पंख्याखाली —

थांबा. पिशवीतून काय काढताय? सायबाचा होकार आणलाय? तोंड उघडू नका. अजून तुमी हो म्हणला न्हाईत ना? मग माझं ते रस्त्याचं बोलणं मी आत्ता, ह्या उंबऱ्यात मागं घेतलं. वरनं नका, खालनं नका. माळ द्यायचाच न्हाई.

तांब्या ठेवा तिथं. आता मी गप बसते. लावा काय अर्थ लावायचा तो.