रिकाम्या टेबलावरचा गोल

मी, मिलिंग यंत्र चालवणाऱ्याची विधवा, वय एकावन्न, धंदा शिवणकाम, राहणार कारखान्यामागची गल्ली, वरचा मजला. समक्ष हजर राहून सांगते की, कारखान्याचे पहारेकरी, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांना यंत्राची मोटर चोरत असल्याच्या संशयावरून काल संध्याकाळी इथे चौकीत आणले आहे. मोटरवरचे झाकण त्यांनी काढलेले नाही. ते मी काढले.

माझे पती त्याच यंत्रावर होते. त्यांनी लिहिलेला गोल कापायचा प्रोग्राम यंत्रात अजून आहे. सुट्टीच्या दुपारी मामा मला आत सोडतात. मी लोखंड लावत नाही, कटरही काढून ठेवते, आणि तो प्रोग्राम चालवते. चालवायला पतींनीच शिकवले होते. उरलेले मी यंत्राच्या पुस्तकातून, शब्दकोश शेजारी ठेवून, वाचले.

कंट्रोलर मोटरला सांगतो, इतके जा. मोटर स्क्रू फिरवते, त्यावर टेबल सरकते. मोटरच्या मागची चकती उलट कळवते, प्रत्यक्षात इतके झाले. कमी भरले तर कंट्रोलर आणखी ओढतो. एक मोटर डावी-उजवीकडे नेते, दुसरी पुढे-मागे. दोघी सरळच नेतात, पण एकमेकींचा वेग सांभाळतात म्हणून गोल होतो. शेवटी वेग हळूहळू उतरतो. "गचका बसला की गोल नाही, बटाटा होतो," असे माझे पती म्हणत.

टेबल थांबले तरी हे सांगणे-कळवणे चालूच असते. तेव्हा त्याला तळहाताने ढकलले तर ते जागा सोडत नाही, आतून तेवढाच जोर लावते. मी बराच वेळ हात तसाच ठेवते.

काल स्क्रू फिरताना बघावा म्हणून झाकण काढले. मामा दारातून म्हणाले, "वहिनी, मालकांनी पाहिलं तर माझी पेन्शन जाईल तुमच्या गोलात."

"तुम्हाला कुठली आलीय पेन्शन, मामा?"

"म्हणून तर निवांत बसलोय."

मग खिडकीतले ऊन टेबलावर आले आणि टेबलाबरोबर फिरू लागले. ते बघता बघता मी कधी उठले, कधी घरी पोचले, ते नीट आठवत नाही. झाकण लावायचे राहिले. ते मालकांनी पाहिले.

मामा इथे तोंड उघडत नाहीत ते माझे नाव येऊ नये म्हणून. हे सांगितल्यावर मला पुन्हा आत सोडणार नाहीत, हे मला कळते. तरी मामांना घरी जाऊ द्यावे.

लिहिलेले हवालदारांनी मला वाचून दाखवले. त्यात "यंत्र विनाकारण चालवले" असे आले होते. 'विनाकारण' हा शब्द मी खोडायला लावला. बाकी सगळे मी सांगितले तसेच उतरले आहे, म्हणून खाली सही करते.