आमची दुसरी कॅसेट

मी ड्रम वाजवायचं का सोडलं म्हणून सारखं विचारतासा, तर आता ऐकाच.

आमच्या रॉक बँडची पहिली कॅसेट निघाली आणि गाणारा विजू नोकरीला पुण्याला गेला. त्याच्या जागी आम्ही इचलकरंजीचा मल्लू आणला. मल्लू कापडाच्या कारखान्यात यंत्रमागावर काम करता करता गायचा, आवाज पत्रा फाडल्यागत. पण दुसऱ्या कॅसेटसाठी स्टुडिओत काचेमागं उभा केला, तर त्याच्या तोंडातनं सूर फुटंना. तीन दिवस असेच गेले.

"काय झालंय रं?" मी विचारलं.

"हितं लई शांत हाय," मल्लू म्हणाला. "माग चालू नसला तर मला गाताच येत न्हाय."

शेवटी मी टेपरेकॉर्डर घेऊन त्याच्या कारखान्यात गेलतो. मागांचा तासभर खडखडाट भरून आणला आणि मल्लूच्या हेडफोनात सोडला. गड्यानं आठ गाणी एका दमात गायली. पण हेडफोनचा आवाज एवढा मोठा, की तो खडखडाट त्याच्या माइकात शिरला आणि माझे ड्रम त्याखाली गडप झाले. परत सगळं करायचं त्राण कुणातच नव्हतं. तशीच कॅसेट काढली.

महिन्यानं नवी कॅसेट ऐकून विजूचा मला फोन.

"तुला बँडातनं काढलं व्हय रं?"

"का?"

"वाईट वाटून घेऊ नको, पण नवा ड्रमर तुझ्यापेक्षा भारी हाय. ठेका सोडतच न्हाय."

आता काय सांगत बसायचं त्याला.

"व्हय," म्हटलं, "बारा तासांची पाळी करतोय त्यो."