त्या बापाला माहीत होतं का?

(फिलिपिन्समधल्या इलोइलो शहराबाहेरची एक वस्ती. दुपारची जेवणं आटोपलीत. टीव्हीवरच्या बास्केटबॉलच्या मालिकेचा आजचा भाग नुकताच संपलाय. चार वाजता वस्तीतल्या मुलांचा अंतिम सामना. रोडेल, त्याची बायको जेसेल. त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा किमुएल आतल्या खोलीत पडलाय; आईला तो नानाय म्हणतो, बापाला ताताय.)

रोडेल: आधी ते खोडून टाक.

जेसेल: काय खोडू? मालिकेबद्दल लिहिलंय मी. मालिकेच्या ऑनलाइन पानावर हजार जणांनी लिहिलंय.

रोडेल: हजार जणांनी 'मी खूप रडले' एवढंच लिहिलंय. तू निबंध लिहिलायस. म्हणे, 'या बापाला मुलाचा पाय दिसत नाही, फक्त बास्केट दिसते.' नळावर बायका वाचून दाखवत होत्या. मला बघितलं आणि गप्प झाल्या.

जेसेल: मी मालिकेतल्या कोच सेलोबद्दल लिहिलं. तुला का झोंबावं?

रोडेल: कॉलेजात शिकलीस ना, मग बघायचं ते नीट बघ तरी. रिकोचा पाय दुखतोय हे त्याच्या बापाला माहीतच नाही. पोरगाच लपवतो. कळलं असतं तर सेलोनं खेळवलाच नसता त्याला.

जेसेल: माहीत होतं. रिको जिना एकेक पायरी करून उतरत होता, तेव्हा बाप खालीच उभा होता. त्यानं बघितलं आणि बुटाची लेस बांधायला वाकला.

रोडेल: सुटली होती म्हणून वाकला.

जेसेल: बरोबर तेव्हाच सुटली.

रोडेल: तुला सगळ्यातच काहीतरी दिसतं. माझी आई तीनदा रडली. म्हणाली, बाप असावा तर असा.

जेसेल: त्या तर साबणाची जाहिरात बघूनही रडतात.

रोडेल: ते जाऊ दे.

जेसेल: बरं, जाऊ दे. किमच्या गुडघ्याबद्दल डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या? दोन महिने उड्या बंद. तीनच आठवडे झालेत, रोडेल.

रोडेल: काल म्हाताऱ्या इम्बोकडून चोळून आणला ना गुडघा. खोबरेल तेलानं, चांगला तासभर. सूज उतरलीय. दुखत नाही म्हणाला पोरगा.

जेसेल: तुला म्हणाला.

रोडेल: मग आणखी कुणाला म्हणणार? हे बघ, संघात मुलं सातच. एकाला कांजिण्या आल्यात, एक आजोळी जाऊन बसलाय. उरले पाच. किमुएल बसला तर चौघांना कुणी कोर्टवर उतरू देत नाही. आणि वस्तीचा प्रमुख, आपला कपितान, स्वतः संघाचे कपडे शिवून देऊन बसलाय, पाठीवर पोरांच्या नावापेक्षा त्याचंच नाव मोठं. त्याला काय सांगू, बायकोनं मालिका बघितली?

जेसेल: मुलाला बरं नाही म्हणून सांग.

रोडेल: धडधाकट आहे तो. वाढतोय, म्हणून दुखतं थोडं. मी त्याच्याएवढा होतो ना, माझ्या बापानं माझा एक सामना बघितला नाही. एक. बोटीवरून यायचा आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचा. मी सगळे बघतो, हा माझा गुन्हा?

जेसेल: असं म्हटलं का मी?

रोडेल: लिहिलंस. मी कोर्टवर जातो, रिंगला जाळी बांधायचीय. साडेतीनला पाठव त्याला.

जेसेल: रोडेल.

रोडेल: साडेतीनला.

किमुएल: नानाय, ताताय गेले?

जेसेल: गेले. तू झोपला नव्हतास?

किमुएल: तुम्ही भांडत होता.

जेसेल: भांडत नव्हतो रे. मालिकेबद्दल चाललं होतं.

किमुएल: सेलोला माहीत होतं की नाही, तेच ना?

जेसेल: तुला काय वाटतं?

किमुएल: त्या दिवशीपर्यंत नव्हतं. रिको एरवी नीट लपवतो. जिन्यावर चुकला तो. पाय टाकायच्या आधी बघायचं असतं, खाली कुणी आहे का. असलं तर काहीतरी विसरल्यासारखं करून परत वर जायचं.

जेसेल: किम, गुडघा दुखतोय तुझा?

किमुएल: उडी मारताना नाही. खाली येताना.

जेसेल: आपण तातायना सांगू या. मी सांगते. ते रागावणार नाहीत.

किमुएल: रागावत नाहीतच ते. डॉक्टरकडून आलो ना, त्यानंतर शाळेत मला घ्यायला आलेच नाहीत. काल गुडघा चोळून झाला, तेव्हा ट्रायसिकल रिक्षात त्यांच्या शेजारी बसवलं मला. बाजारातून फिरवून आणलं.

जेसेल: आणि मीच नाही म्हटलं तर? आई आहे मी तुझी.

किमुएल: मग सगळे म्हणतील, जेसेलनं सामना घालवला. आजीपण म्हणेल. ताताय काहीच म्हणणार नाहीत.

जेसेल: म्हणू देत.

किमुएल: आणि मी खेळणारच. तू कडी लावलीस तरी ते येतील ना न्यायला. ती लांब पट्टी आहे ना तुझ्या कपाटात, ती बांध.

जेसेल: पट्टीनं काही होत नाही, बाळा.

किमुएल: माहितेय. तरी बांध.

जेसेल: पाय लांब कर. इथे?

किमुएल: अजून खाली. अजून. हं, तिथे.

जेसेल: फार आवळली का?

किमुएल: नाही. आता चड्डीचा पाय ओढून पट्टी झाक. तातायना दिसेल का बघ.

जेसेल: उभा राहा. वळ जरा. नाही, दिसत नाही.