छापखाना आला

मालती : आज पुन्हा तेच. मी घागर टेकवली आणि नळावरच्या सगळ्याजणी चिडीचूप.

वेणीमाधव : पाणी भरताना बोलत नसतील.

मालती : भवानी पेठेतल्या बायका? पाणी भरताना? अहो, एक वेळ मिलचा भोंगा बंद पडेल! दुर्गाबाई तर तोंडावर म्हणाल्या, "गप गं, छापखाना आला."

वेणीमाधव : वा! फक्कड आहे की! थांब, माझा टाक कुठे गेला—

मालती : हेच! हेच ते! मी रडकुंडीला आलेय आणि तुम्ही टाक शोधताय.

वेणीमाधव : अगं, मग लिहू कशावर? दिवसभर शाळेत पाढे घोकून घ्यायचे. राजेराण्या मला कुठे भेटायला! जे काही मिळतं ते तुझ्या तोंडून. तू नळावरून येऊन सांगतेस, मी लिहितो.

मालती : मी नवऱ्याला सांगत होते, मासिकाला नव्हे. केरामावशी सुनेपासून लोणच्याची बरणी लपवतात, हे मी आपलं हसत हसत सांगितलं; तुम्ही गावभर दवंडी पिटलीत.

वेणीमाधव : नाव बदललं होतं.

मालती : केराबाईची हिराबाई केलीत. मोठाच वेश पालटला! आज विरजण मागायला गेले, तर म्हणाल्या, संपलं. केरामावशींचं विरजण कधी संपलंय का आजवर?

केराबाई : मास्तर हायती का घरात?

मालती : अगंबाई! या ना मावशी, बसा.

केराबाई : बसाया न्हाय आले. हे घे विरजण. शेजारणीला न्हाय म्हनले, तवापासनं मन खातंय म्हनून आले. बोलायचं न्हाय मला कुनासंगं.

वेणीमाधव : केराबाई, चुकलं माझं.

केराबाई : सुनंनं वाचून दावलं, मास्तर. अंगणात बसून, चार बाया जमवून. म्हातारी लई चिक्कू, म्हनं. आवो, ती बरणी माज्या लेकाची हाय! जेऊरला रेल्वेत हाय त्यो. सणाला येतो, तवा त्येला कैरीचं लोणचं लागतंय. इचारलं असतं तर सांगितलं नसतं व्हय मी?

वेणीमाधव : पुढच्या अंकात तसं लिहितो—

केराबाई : नगं! माजं आता कायबी लिवू नगासा. समद्या गल्लीतली घरं हुडकलीसा. आमची बरणी, दुर्गाबाईची नणंद. सवताच्या घरातलं कदी एक अक्षर न्हाय. तुमच्या घरात काय घडलंच न्हाय व्हय?

मालती : मावशी, राहू द्या.

केराबाई : ऱ्हावू दे, तर ऱ्हावू दे. जाते मी. भांडं सवडीनं दे, पोरी.

(केराबाई जातात.)

वेणीमाधव : लिहिणंच सोडतो मी. उद्याच संपादकांना कळवतो.

मालती : सोडा म्हटलं का मी? नळावरच्या गप्पांचं मला एवढं काही नाही हो. पण केरामावशी तुटल्या, तर मी बोलू कुणाशी?

वेणीमाधव : माझ्याशी बोल.

मालती : तिच्याविषयी?... बघा, गेली मान खाली. तुम्ही शाळेत गेलात की मी मावशींकडे जाते. त्या धान्य पाखडत असतात आणि मी बोलत बसते, आपल्या मुलीविषयी. बारशाआधीच गेली, म्हणून लोकांच्या लेखी ती झालीच नाही. एकट्या मावशी ऐकतात. बरणीची गोष्ट छापून आली आणि तेही बंद झालं. जीव गुदमरतो माझा.

वेणीमाधव : मला वाटायचं, तू हळूहळू विसरत असशील. मग खपली कशाला काढा.

मालती : आणि मला वाटायचं, तुम्ही लिहाल. नवा अंक आला की तुमच्याआधी मी चोरून बघायची. कधी दुर्गाबाई, कधी मावशी. ती काही येईना.

वेणीमाधव : बसलो होतो लिहायला. खूपदा बसलो. पण काय लिहू, मालती? मला काही ठाऊकच नाही. सुवेरात पुरुषांनी बाळंतिणीच्या खोलीत जायचं नाही. मी आपला ओसरीवर बसून तिचं रडणं ऐकायचो. आणि शेवटी हातात दिली, ती दुपट्यात गुंडाळून, तोंड झाकून. सगळी वाट उराशी धरून नेली तिला. पण दुपटं जरा बाजूला करून बघायचा धीर झाला नाही.

मालती : हे मला कधी बोलला नाहीत.

वेणीमाधव : लाज वाटायची. गल्लीतल्या प्रत्येक घरावर लिहितो मी, आणि पोटची पोर कशी दिसायची ते सांगता येत नाही.

मालती : मग विचारा की मला.

वेणीमाधव : ...कुणासारखी होती गं?

मालती : कपाळ तुमचं. हनुवटी माझ्या आईची. आणि भुवया आक्रसून अशी बघायची, जशी काही आमचीच शिकवणी घेणार आहे! मावशी तर तिला 'मास्तरीण' म्हणायच्या... थांबा, दार लोटून येते. मावशींना शब्द न् शब्द ऐकू जातो.

वेणीमाधव : असू दे उघडं. त्यांचं सगळं ऐकून झालंय. माझंच राहिलंय.