उठलीस की बंद

(आई-बाबा घरी कॉम्प्युटरसमोर, लेक दुसऱ्या शहरातून फोनवर, त्यांचा स्क्रीन तिच्यासमोर उघडा.)

लेक : आई, तू कशाला हात लावू नकोस. बाण हलतोय तो मी हलवतेय.

आई : हलतोय कुठला, रांगतोय! पाचला भाषांतर पाठवायचंय गं. मागच्या आठवड्यात असंच अडकलं. आता परत उशीर झाला तर काम दुसऱ्या कुणाला देऊ, म्हणाल्या संपादकबाई.

बाबा : मी कधीचा सांगतोय, झेपत नसेल तर सोड. ही एका वेळी दहा खिडक्या उघडून बसते. मशीन तरी काय करणार?

आई : तुम्ही जरा गप्प बसता का?

लेक : खिडक्या दोनच आहेत, बाबा. पण आत काय काय चालू आहे ते बघ, आई. एकच नाव, वरपासून खालपर्यंत.

आई : अगं बाई! कुणाचं?

लेक : तुझ्या वायरलेस माउसचं. त्याच्याबरोबर एक छोटा प्रोग्रॅम येतो. माउस चालू केला की त्याने सुरू व्हायचं, बंद केला की गाशा गुंडाळायचा. हा गुंडाळतच नाही. परत माउस चालू केला की नवा येऊन बसतो, आणि जुना ढिम्म हलत नाही.

आई : म्हणजे पाहुणे नुसते येतायत, जात कुणीच नाही.

लेक : आणि सगळे मिळून मशीन खातायत. पण इतके साठले कसे? तू माउस सारखा बंद करतेस?

आई : मी? त्याला बटण असतं हेच मला आत्ता कळतंय.

लेक : पोटाखाली असतं. बाबा, तुम्ही एकदम गप्प का?

बाबा : हिनेच गप्प बसायला सांगितलंय.

लेक : बाबा...

बाबा : अगं, ही पाणी प्यायला उठते आणि माउस तसाच चालू. सेल फुकट जातो. मी हळूच बंद करतो, ही यायच्या आत परत चालू. हिला पत्ताही लागत नाही.

आई : दर वेळी?

बाबा : दर वेळी. त्यात माझ्याकडून हयगय नाही.

आई : अहो, मला वाटलं माझंच डोकं चालेनासं झालंय! काल फोन हातात घेतला होता, काम सोडते म्हणून सांगायला. तुम्ही येईल त्याला सांगत सुटलात, हिने मशीनची वाट लावली. आणि स्वतः सेल वाचवत होतात!

बाबा : अजून पहिलाच सेल चालू आहे.

लेक : झालं. सगळ्यांना हाकललं. आता बघ.

आई : पळतोय गं! चांगला पळतोय!

लेक : पाठव मग पाचच्या आत. आणि बाबा, या प्रोग्रॅमची दुरुस्ती येईपर्यंत माउस बंद करायचा नाही. कुणी हात लावला नाही की तो आपोआप झोपतो.

बाबा : त्याचा तो?

लेक : त्याचा तो.

आई : द्या शब्द.

बाबा : दिला. बोटसुद्धा लावणार नाही.

आई : मग तोंड का उतरलं?

बाबा : काही नाही. रिटायर झाल्यापासून या खोलीत माझं तेवढंच काम होतं. आता तू उठलीस की मी काय बंद करू?

आई : टेबललॅम्प आहे ना. तो मी विसरत जाईन.