पहिल्या बाकापुढची खुर्ची

आजच्या या समारंभाच्या अध्यक्षा पाळकबाई क्रिस्टीन, पंच कमिटीचे प्रमुख श्री. ड्वेन हॅल्व्हर्सन, आजच्या सत्कारमूर्ती आर्डिस स्कोग्मो, त्यांना न्यायला बिस्मार्कहून आलेली त्यांची मुलगी ज्युली, आणि ओल्या बुटांनी या तळघरात जमलेल्या माझ्या सर्व बंधुभगिनींनो,

मी भाषण करणारी बाई नाही. आठवीनंतर शाळा सुटली. पुढे जे काही वाचलं ते फिरत्या वाचनालयाच्या गाडीतून, गाईंची धार काढून झाल्यावर. त्यामुळे जड शब्द मला वाचता येतात, पण तोंडात बसत नाहीत. तरी पाळकबाई म्हणाल्या, "व्हायोला, आर्डिसबद्दल तुम्हीच बोला." मी म्हटलं, ड्वेन चांगलं बोलतो. त्या म्हणाल्या, "ड्वेन बोलायला लागला तर कॉफी गार होईल." हे मी नाही म्हटलं, ड्वेन, अध्यक्षांनी म्हटलं.

सत्कारमूर्तींसाठी इथे वर मंचावर टेबलाशी खुर्ची मांडली होती, ती तुम्हाला रिकामी दिसते आहे. आर्डिसने तिथे बसायला नकार दिला. सकाळी ती नेहमीसारखी दाराशी उभी राहिली, आपल्या सगळ्यांचं स्वागत केलं, आणि मग कोणाचा तरी निरोपसमारंभ आहे म्हणत खाली येऊन समोरच्या रांगेत बसली. आपण सगळे सवयीने मागे बसलोय, म्हणून त्या रांगेत ती आणि ज्युली दोघीच आहेत.

हो आर्डिस, कॉफी आहे. मिळेल. आधी मला संपवू दे.

बंधुभगिनींनो, या चर्चमध्ये पहिल्यांदा आलेल्या माणसाला काय वाटतं, ते आपण कधीच विसरून गेलोय. आपल्यातले बहुतेक जण इथेच तान्हेपणी बाप्तिस्म्याच्या पाण्याने रडले. पण बाहेरून येणाऱ्याला पायरी चढताना दहा प्रश्न पडतात. कुठे बसायचं? टोपी काढायची का? उभं कधी राहायचं? प्रभुभोजनाच्या भाकरीसाठी पुढे जायचं की नाही? आणि गेलो नाही तर सगळे वळून बघतील का?

या सगळ्याला आर्डिसकडे उत्तर होतं, आणि ते कोट अडकवायच्या खुंट्यांपाशी, माणसाचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून ती द्यायची. तुम्हा सर्वांना ते पाठ आहे. तरी आज एकदा म्हणते, कारण ते या इमारतीत असं म्हटलं जायची ही शेवटची वेळ.

"या, या. पहिल्यांदाच येताय ना? कुठेही बसा, बाकांवर कोणाचं नाव नाही. कोणी डोळे मोठे केले तर त्याची जागा गेली म्हणून, तुमच्यावर राग नाही. पानाचा नंबर पाळकबाई सांगतील, नाही सापडलं पान तर नुसते ओठ हलवा, गायनमंडळातले तेनॉरवाले तेच करतात. मधेच सगळे हात मिळवायला लागतील, 'तुम्हाला शांती असो' म्हणतील. तेवढंच तुम्ही म्हणा. दानाची थाळी फिरेल, ती पुढे द्या, पाहुण्याने काही टाकायचं नसतं. प्रभुभोजनाला यावंसं वाटलं तर या. नको वाटलं तर बसून राहा. नुसता आशीर्वाद हवा असेल तर हाताची घडी छातीवर घाला, पाळकबाई डोक्यावर हात ठेवतील. आणि उभं कधी राहायचं, बसायचं कधी, याची काळजी करू नका. पुढच्या माणसाची पाठ बघा. पाठ उठली की उठा, पाठ बसली की बसा. सगळेच तसं करतात. फक्त पहिल्या बाकावर बसू नका. तिथे बघायला पाठ नसते."

तेलाच्या विहिरींवर कामाला आलेला टेक्सासचा एक गडी होता, आठवतो? केवढी ती हॅट. तो दारात अडला आणि म्हणाला, "बाई, ही काढू का ठेवू?" आर्डिस म्हणाली, "टक्कल असेल तर ठेवा, आमच्याकडे हीटर कमी पडतो." तो हसला आणि काढली. टक्कलच होतं. पुढे त्याची बदली होईपर्यंत दर रविवारी यायचा, आणि आर्डिस त्याला हीटरशेजारी बसवायची.

आता माझं थोडं सांगते. सत्काराच्या भाषणात स्वतःचं सांगू नये, हे मला कळतं. पण हे तिचंच आहे.

माझे यजमान लायल गेले ते तुम्हाला माहीत आहे. कापणीच्या दिवसांत गेले, शेतातच. अंत्यविधीच्या उपासनेला आपल्याकडे घरच्यांनी पहिल्या बाकावर बसायचं असतं. मुलं विमानतळांवर अडकली होती, संध्याकाळपर्यंत पोचणार नव्हती, आणि ऊन तापलेलं, थांबता येत नव्हतं. म्हणून त्या बाकावर मी एकटी. शेजारी लायलच्या जागेवर माझी पर्स. आयुष्यभर या चर्चला आले, सगळी गीतं तोंडपाठ, आणि त्या दिवशी मला काही म्हणजे काही आठवेना. ऑर्गन वाजला. मागे कपड्यांची सळसळ झाली, म्हणजे सगळे उठले असणार. का बसले असणार? वळून बघायची लाज वाटली. मी अर्धवट उठले आणि तशीच राहिले, गुडघे वाकवून. तेव्हा मला कळलं की आर्डिस पाहुण्यांना पहिला बाक का नको म्हणते.

आणि मग लोखंड खडखडलं. आर्डिस दाराची जागा सोडून मधल्या वाटेने पुढे येत होती. काखेत या तळघरातली फोल्डिंगची खुर्ची. ती पहिल्या बाकाच्याही पुढे गेली, जिथे कोणी बसत नाही, आणि शवपेटी आणि माझ्यामध्ये तिने ती खुर्ची उघडली. माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. निळा स्वेटर होता, मानेपाशी एक टाका उसवलेला. तेव्हाचे पाळक ओल्सन बोलायचे थांबले, तिच्याकडे बघितलं, आणि पुढे वाचायला लागले.

ती पाठ बसली, मी बसले. ती उठली, मी उठले. लायलच्या पूर्ण उपासनेतलं मला दुसरं काही आठवत नाही. तो उसवलेला टाका आठवतो.

खाली जेवणाच्या वेळी मी तिला म्हटलं, "अगं, लोकांना काय वाटलं असेल, मध्येच जाऊन बसलीस." ती म्हणाली, "वाटू दे. तू आज पहिल्यांदाच आलीयेस. विधवा म्हणून पहिल्यांदाच." आणि माझ्या बशीत बटाट्याची लेफ्से-पोळी वाढली, वर लोणी-साखर, आणि मी खाईपर्यंत हलली नाही. तिचे स्वतःचे यजमान जाऊन तेव्हा किती तरी वर्षं झाली होती. त्यांच्या वेळी तिच्यापुढे कोण बसलं होतं, हे मी तिला कधी विचारलं नाही. आता विचारून उपयोग नाही.

मागच्या एका हिवाळ्यात मी कोट अडकवत होते आणि तिने माझा हात धरला. "या, या. पहिल्यांदाच येताय ना?"

मी म्हटलं, "पुरे गं चेष्टा, आर्डिस."

तिचा चेहरा पडला. पाहुण्याशी आपलं काही चुकलं, अशी भीती त्यावर दिसली. माझ्या नावाचा त्या चेहऱ्यावर मागमूस नव्हता. मग मी काय करणार? म्हटलं, "हो, पहिल्यांदाच." तिला इतकं बरं वाटलं. सगळं पहिल्यापासून सांगितलं, अगदी तेनॉरवाल्यांसकट. मी आत गेले, बसले, आणि गीतपुस्तक तोंडापुढे धरून ठेवलं.

हळूहळू सगळ्यांवरच ती पाळी आली. ड्वेनला तिने दारात थांबवून त्याच्याचविषयी सांगितलं, "एक सूचना देऊन ठेवते. तो उंच माणूस घोषणा करायला उठला की लहान मुलांना बाहेर फिरवून आणा, तो लवकर बसत नाही." ड्वेन म्हणाला, "सांगितलंत बरं झालं, बाई." पंच कमिटीत विषय निघाला की तिला दारावरून काढावं का. त्या बैठकीत तू, ड्वेन, हे तुझ्या नावावर राहील, एवढंच बोललास, "आपण 'हो' म्हणायला शिकू." आणि आपण शिकलो. तेव्हापासून हे सबंध चर्च दर रविवारी पहिल्यांदाच आलं. खरं सांगू? घरी कोणी विचारायला नसलेल्या माझ्यासारखीला तो हात आणि तो प्रश्न आठवडाभर पुरायचा.

मग या जानेवारीत ती हिमवादळात इथे आली. मंगळवार होता. चर्चला कुलूप. अंगात नुसता स्वेटर, आणि पायरीवर उभी, पाहुण्यांची वाट बघत. धान्याच्या कोठारावरून घरी जाणाऱ्या कोणीतरी पाहिलं म्हणून वाचली. गावात काही जण म्हणतात, ज्युली आईला घेऊन जाते, तिला चर्चपासून तोडते. त्यांनी आर्डिसच्या बोटांची थंडीने काळी पडलेली टोकं आधी बघावीत. ज्युली, तू योग्य करते आहेस. हे मी सगळ्यांसमोर म्हणते आहे, म्हणजे तुला परत ऐकावं लागणार नाही.

पण काल ज्युलीने माझ्या स्वयंपाकघरात एक गोष्ट सांगितली. ती तिला विचारूनच सांगते.

गेल्या महिन्यात ती आईला बिस्मार्कचा वृद्धाश्रम दाखवायला घेऊन गेली होती. चांगला आहे. स्वच्छ आहे. तिथे छोटं प्रार्थनाघर आहे, रविवार होता, उपासनेला बसवलं. चाकाच्या खुर्च्या मागे लावतात, चालत्या माणसांना पुढे बसवतात. आर्डिस चालती. तिला पहिल्या रांगेत बसवलं. दारात कोणी नव्हतं. कोणी काही सांगितलं नाही. ऑर्गन वाजला आणि ती इकडे तिकडे बघायला लागली. ज्युली "आई, ऊठ" म्हणाली तर तिला उठायचं कशाला ते कळेना. मग ती अर्धवट उठली, पर्स छातीशी धरली, आणि ज्युलीला म्हणाली, "चल, मला इथलं काही माहीत नाही." आणि उपासना अर्धी टाकून बाहेर आली.

जिने जन्मभर प्रत्येकाला दारात धरून सगळं सांगितलं, तिला सांगायला कोणी नव्हतं. काल मी लेफ्से लाटत होते, ते तिथेच राहिलं.

म्हणून आर्डिस, आता मी तुला सांगते. इकडे बघ. मी व्हायोला. नसेल आठवत तर असू दे, आपण आज पहिल्यांदा भेटतोय.

पुढच्या रविवारी तू एका नव्या ठिकाणी जाशील. तिथे खोली लहान आहे, ऑर्गन विजेचा आहे, पण गीतं आपलीच आहेत. पान नाही सापडलं तर ओठ हलव. कोणी हात पुढे केला तर 'शांती असो' म्हण. भाकर घ्यावीशी वाटली तर घे, नाहीतर घडी घाल छातीवर, अशी. नंतर कॉफी असते. पातळ असते म्हणे. आणि उठायचं कधी, बसायचं कधी, याची काळजी करू नकोस. पाठ बघ. पाठ असेल.

ड्वेन, तळघरातली एक फोल्डिंगची खुर्ची माझ्या गाडीच्या डिकीत आहे. पंच कमिटीची परवानगी मागत नाहीये, कळवते आहे. रस्ते उघडे असतील त्या प्रत्येक रविवारी मी बिस्मार्कला जाणार. माझ्यानंतर कोण, ते तुम्ही आपसांत ठरवा. इथल्या दाराशी कोण उभं राहणार, तेही ठरवा. मला ते मागू नका. मला त्या खुंट्यांपाशी उभं राहवणार नाही.

ज्युलीचे, पाळकबाईंचे, कॉफी केलेल्यांचे आणि नंतर भांडी घासणार असलेल्यांचे मी आभार मानते. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल, कोणाला लागलं असेल, तर पदरात घ्या.

आणखी एका गोष्टीची माफी आधीच मागून ठेवते. आता पाळकबाई आशीर्वचन म्हणतील आणि आपण सगळे उभे राहू. आर्डिस पहिल्या रांगेत बसली आहे. तिच्यापुढे कोणी नाही. म्हणून मी खाली येते आहे, आणि आजच्या सत्कारमूर्तींकडे पाठ करून उभी राहणार आहे.